पंखवाली योद्धा: वास्तववादी काढावी की शैलीदार?

पंख असलेली योद्धा हुबेहूब काढू की कार्टूनकडे झुकू, यावर चित्र शिकणारे बरेच जण अडतात.

आधी प्रमाण. आकृतीची उंची डोक्याच्या उंचीच्या पटीत मोजतात: वास्तववादी आकृती साधारण ७.५ डोक्यांएवढी, वीरांची ८-९, तर चिबी (मोठ्या डोक्याची, बुटकी, गोंडस जपानी कार्टून) शैलीतली २-३. शैलीत सूट मिळते, पण ती सगळीकडे सारखी घ्यावी लागते. टपोऱ्या डोळ्यांखाली फोटोतल्यासारख्या नाकपुड्या विचित्रच दिसतात.

खरी कसोटी पंखांपाशी. वास्तववादात ते खांद्याच्या पात्यापाशी जोडलेले पटायला हवेत. पक्ष्यांची उडण्याची ताकद छातीच्या स्नायूंत असते, म्हणजे छातीही भरदार हवी. मग चिलखताचे पट्टे कुठून न्यायचे? शैलीत बाह्याकृती ठसठशीत असली की हे कुणी विचारत नाही. तरी सांधा न समजता चिकटवलेले पंख मला तिथेही खटकतात.

वेळ वास्तववादालाच जास्त लागतो, त्यात वाद नाही.

कॉमिकसाठी तेच पात्र पानोपानी काढायचं असेल तर शैली घ्या. एकच मुखपृष्ठ करायचंय, त्यावरचा राक्षस अंगावर आल्यासारखा वाटायला हवा, तर वास्तववाद. दोन्ही हवं असेल तर चेहरा शैलीदार ठेवा आणि कापड, धातू, पिसं खरी रंगवा.