२३,४०० रुपये देऊन डिफरन्शियलमध्ये भुसा भरून घेतला

लिहायला लाज वाटतेय. पण माझं झालं ते झालं, निदान दुसऱ्या कुणाची ॲम्बेसेडर तरी वाचेल.

गाडी १९८६ची मार्क फोर, बाबांची. स्टिअरिंगवरचा गिअर. गेल्या वर्षी पन्नास-साठच्या स्पीडला मागून 'ऊंऽऽ' असा सूर यायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, पाय काढला की गप्प. घाट उतरताना तर गाडी अगदी शहाण्यासारखी. म्हणजे लोड आला की ओरडणारं क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शियलच्या डब्यात इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी), नाहीतर त्याला धरणारं बेरिंग. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, हा बदलत नव्हता. गिअरबॉक्सचा असता तर चौथ्यात बराच कमी झाला असता, कारण चौथ्यात ताकद सरळ पुढे जाते. तोही तपास मी केला होता. तेव्हा अडाणी होता म्हणून फसला, असं कृपा करून म्हणू नका.

ओळखीतून एक गॅरेज मिळालं. तिथल्या मिस्त्रीने एक चक्कर मारली आणि उतरताच म्हणाला, "साहेब, क्राऊन-पिनियन गेलं. जोडी बदलावी लागेल." जोडीच बदलतात हे खरं आहे; दोघांचे दात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एकटं बदलून चालत नाही. बोलणं बरोबर निघालं म्हणून माणूसही बरोबर धरला.

क्राऊन-पिनियन १४,५००. बेरिंगं चार, ३,८००. ऑइल सील ३५०. ऑइल ७५०. मजुरी ४,०००. एकूण २३,४००. त्यातले १५,००० आधी रोख, ८,४०० गाडी घेताना. पावती कच्ची, वहीच्या कागदावर. (जीएसटीचं बिल मागितलं तर "अठरा टक्के वर पडतील साहेब" म्हणाला. मी वाचवले! पक्कं बिल मागाच, भांडून मागा.)

आता जे लिहितोय त्याने अजून कानशिलं तापतात. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी मागे वाकून बघितलं होतं. हौसिंगवर, म्हणजे डिफरन्शियलच्या लोखंडी कवचावर, वर्षानुवर्षांचा चिखल आणि ऑइलचा थर, नटांच्या कडासुद्धा त्यात बुजलेल्या. आणि त्या सगळ्या काळ्या राड्यात ऑइल भरायचा प्लग तेवढा चकचकीत, खाली ताजा ओघळ. डिफरन्शियल बाहेर काढायचं तर तो गोलातला एकूण एक नट खोलावा लागतो, दोन्ही ॲक्सल ओढावे लागतात. एकाही नटाला पाना लागलेला नव्हता. मी ते बघितलं. आणि विचारलं काय, तर "ऑइल कुठलं टाकलं?" "नव्वद नंबर साहेब, एकदम ओरिजिनल." मी पैसे मोजले.

का मोजले? दोन गिऱ्हाइकं बसली होती, पोरगा चहा घेऊन आला होता, आणि 'जुना माल' म्हणून दात तुटलेलं एक क्राऊन फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं होतं. एवढं जड लोखंड हातात आल्यावर संशय कसा घ्यायचा? तुटलेला दात ठकठक करतो, सूर लावत नाही, हे मला रात्री दीड वाजता अंथरुणात सुचलं. जुने पार्ट घेताना दात मोजा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. मी आजतागायत ते क्राऊन कुठल्या गाडीचं आहे ते शोधतोय.

आवाज मात्र खरंच गेला होता. ९१० किलोमीटर गेला. मग परत आला तो दुप्पट, आणि पाय काढला तरी घरघर चालूच.

दुसरा मिस्त्री सत्तरीचा. त्याने खालचा प्लग खोलला, तर ऑइलऐवजी लापशी गळायला लागली. चिमटीत धरून चोळली, वास घेतला. "भुसा आहे. ग्रीसमध्ये कालवलाय." जुनी गाडी खपवताना करायची ही जुनीच युक्ती, दातांमध्ये गादी होते, सूर दबतो. पण पिनियनच्या पुढच्या बेरिंगला क्राऊनने उडवलेलं ऑइल एका अरुंद वाटेने मिळतं. ती वाट भुशाने बुजली. बेरिंग जळून निळं पडलेलं, दातांवर ओरखडे. मूळ दुखणं एवढंच होतं की पिनियनचं सील गळून ऑइल उतरलं होतं आणि बेरिंग सैल पडलं होतं. क्राऊन-पिनियन तेव्हा चांगलं होतं. आता नाही.

या म्हाताऱ्याने दात एकमेकांवर कुठे टेकतात ते निळा रंग लावून ठशावरून बघितलं, डायल गेजने (बारीक फरक मोजणारं काट्याचं माप) बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजला. डायल गेज नसलेल्या माणसाला डिफरन्शियल खोलू देऊ नका. काम अर्ध्यावर असताना न सांगता जाऊन उभे राहा.

मग मी तक्रार करायला निघालो, म्हणजे दुसऱ्यांदा फसायला. पोलीस ठाण्यात साडेतीन तास बसवलं आणि सांगितलं, हा दिवाणी मामला. फसवणुकीचं ४२० लावा म्हटलं, तर "नव्या कायद्यात आता ३१८ आहे" ही मौलिक माहिती मिळाली, तक्रार नाही घेतली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर त्यांनी माझ्याकडे बिल मागितलं. वहीचा कागद दाखवला तर गॅरेजचं नावच नाही त्यावर! जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हे खरं. पण प्रती, प्रतिज्ञापत्र, पुन्हा प्रती, एक सही राहिली म्हणून पुन्हा रांग. वर तिथल्या कारकुनाचा प्रश्न, "भुसा त्यांनीच घातला कशावरून?" मग मी घातला का? स्वतःच्या गाडीत? रविवारी वेळ जात नाही म्हणून?

पुरावा म्हणून ती लापशी जॅमच्या बाटलीत भरून नेली होती. "वस्तू घेत नाही, फोटो लावा." बाटली सध्या डिकीत आहे, त्या क्राऊनशेजारी. पुढची तारीख दोन महिन्यांनी.