कोल्हापूर, राजारामपुरीतला बायकांचा दवाखाना: चार तारे

एक तारा कापला, कारण साडेदहाची वेळ देऊन नंबर लागला पावणेएकला. अकरा महिन्यांच्या लेकीनं तोवर दवाखाना डोक्यावर घेतलेला.

सासूबाईंचं टुमणं, "दुसरं पाठोपाठ होऊ दे, एकदाच काय ते निस्तरतंय." डॉक्टरबाईंनी त्यांनाच आत बोलावलं. माझं सिझर, हिमोग्लोबिन ९.२, म्हणजे कमीच. म्हणाल्या, "आजी, टाके आतनंपण भरायला पाहिजेत की! बाळंतपणानंतर किमान २४ महिने थांबून मगच पुढचा विचार, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते." पाळणा लांबवायला तांबी आणि दर ३ महिन्यांचं अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, हेही स्वतःहून सांगितलं. खासगीत असं कोण सांगतंय ओ?

मी तांबी ठरवली. रिक्षात सासूबाई गप्प. रंकाळ्यावर भेळेचे पैसे मात्र त्यांनीच दिले.