मर्जचे नियम एजंटले सांगायचे तर लिहायचे कुठं, एजंट्स डॉट एमडीत का स्क्रिप्टच्या एररमध्ये?

आमचं काम म्हणजे हिंगणघाटजवळच्या एका खेड्यातून जिनिंगच्या कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर सांभाळणं. माणसं दोन, मी अन् माझा भाचा, अन् आता सोबतीले एक एआय एजंट जो कोड लिहिते, गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढते अन् मर्जबी करते, म्हणजे फांद्या परत जोडते. हे मर्जचे नियम त्याले कुठं लिहून द्यायचे यावर आमच्या दोघांचं लय दिवस वाजलं, तुम्हीबी त्याच फाट्यावर उभे असाल तर आमचे दोन्ही रस्ते पाहून घ्या.

भाच्याचं म्हणणं, सगळं एजंट्स डॉट एमडीत टाका. पटण्यासारखं हाय, साधी टेक्स्ट फाइल, रेपोत (कोडच्या फोल्डरात) टाकून द्यायची, बरेचसे कोडिंग एजंट ती आपसूक वाचतात (क्लॉड कोड क्लॉड डॉट एमडी पाहते, तिच्यात एक ओळ टाकून इकडं वळवता येते), मराठीत लिहिली तरी चालते अन् पाच मिनिटांचं काम. पण गोम अशी हाय का एजंट ती वाचते कामाच्या सुरुवातीले अन् कॉन्फ्लिक्ट (त्याच ओळींत दोन वेगळे बदल भिडणं) येते लय उशिरा, तोवर मधात फाइली, टेस्टचे लॉग, आमच्या शंभर सूचना, सगळ्याचा ढीग पडलेला असते अन् ती ओळ त्या ढिगाच्या तळाशी.

अन् ओळच चुकीची असली तर? आमची होती. भाच्यानं लिहिलं होतं, "कॉन्फ्लिक्ट आला तर अवर्स ठेवा, म्हणजे आपलं." मर्जमध्ये हे बरोबरच हाय, तुम्ही ज्या ब्रँचवर उभे ती अवर्स. पण एजंटनं केला रिबेस, अन् रिबेसमध्ये गिट आधी मेनवर (मुख्य ब्रँचवर) जाऊन उभा राह्यते अन् तुमचे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, एकेक करून वर रचते, म्हणून तिथं अवर्स म्हणजे मेन अन् तुमचं स्वतःचं काम थीअर्स, म्हणजे दुसऱ्याचं. आता पाहा काय झालं. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते, पुढं 12 पर्यंत टक्क्यामागं भाव कापते, 12 च्या वर कापूस घेतच नाई, तोच हिशोब आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. मेनवर कोणीतरी (मीच) कपातीचं गणित दुरुस्त केलं होतं, ब्रँचवर त्याच ओळींत 12 ची अट टाकली होती, अन् दोन्ही लागत होत्या. एजंटनं कागद पाळला, 12 ची अट साफ उडाली, त्याची टेस्ट नव्हती, काट्यावरच्या पोट्ट्याचा फोन आला का 14 टक्के ओल्या कापसाची पट्टी कशी काय निघून राह्यली, तवा समजलं. एजंटले कायले दोष द्या, तो "आपलं" शब्दच दगाबाज.

माझा रस्ता दुसरा. एजंटनं गिट मर्ज, गिट रिबेस थेट मारायचंच नाई, आमची एक छोटी स्क्रिप्ट चालवायची. ती आधी गिट मर्ज-ट्री चालवून पाहते (राइट-ट्रीवाला प्रकार, गिट 2.38 पासून हाय), तो तुमच्या फाइलींले हात न लावता सांगते, एक्झिट कोड 0 म्हणजे साफ, 1 म्हणजे कॉन्फ्लिक्ट, बाकी काहीबी म्हणजे गडबड. कॉन्फ्लिक्ट निघाला का एररमध्येच अख्खं छापते: आधी होतं ते हे, मेननं केलं ते हे, तू केलं ते हे. अवर्स-थीअर्स शब्दच नाई. ज्या घडीले एजंट अडकते त्याच घडीले सूचना त्याच्या समोर, खरा फरक इथंच हाय.

दुसरा फायदा एडिटरचा. रिबेस कंटिन्यू मारलं का गिट कमिट मेसेजसाठी एडिटर उघडते अन् एजंट त्याच्यासमोर बसून राह्यते, आम्ही समजलो लाईन गेली म्हणून नेट बंद असंन. स्क्रिप्टमध्ये गिट एडिटरचं व्हेरिएबल ट्रू करून टाकलं, विषय संपला. मर्जटूल (कॉन्फ्लिक्ट सोडवायले वेगळं टूल उघडते ते) बंदच केलं. शेवटी गिट डिफ चेक, उरलेल्या कॉन्फ्लिक्टच्या खुणा ते पकडते.

तोटा? वेळ. स्क्रिप्टले माझे दोन दिवस गेले, अन् ती सांभाळाबी लागते. शिवाय स्क्रिप्ट हाय हेच एजंटले माहीत नसंन तर तो सरळ गिट मारते, म्हणून एजंट्स डॉट एमडी लागतेच, पण चार ओळींची.

एमसीपी सर्व्हरचं (एजंटले बाहेरची टूलं जोडून देणारा प्रोग्राम) कोणी सांगंन तर दोन माणसांच्या टीमले तो पसारा नको. मर्जीराफसारखं, कोडची रचना समजणारं टूल लावलं तर फालतू कॉन्फ्लिक्ट कमी होतात, ते लावा, पण कपातीचं गणित अन् 12 ची अट दोन्ही लागतात का हे त्याले कुठून कळंन.

एकटे असाल, ब्रँच दोन-तीनच असतील, तर भाच्याचा रस्ता घ्या, फक्त अवर्स-थीअर्स खोडा अन् ब्रँचची नावं लिहा. दोघं-तिघं असाल, एजंट रोज मर्ज करून राह्यला असंन, तर स्क्रिप्टच. आमच्या एररची शेवटची ओळ आता अशी हाय, भाच्यानंच टाकली: "दोन्ही बदल लागतात का ते आधी पाहा. नाई समजलं तर रिबेस अबॉर्ट कर अन् मामाले विचार."