आंब्यावरचे तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण: निंबोळी, तंबाखू की दुकानातलं औषध?

मोहोर फुटायला लागला की बेळगावकडच्या खानापूर-निपाणी भागात एकच विचारणा सुरू होते, यंदा काय मारायचं? औषध आणायच्या आधी झाडाखाली उभं राहून बघा. मोहोर हलवल्यावर पाचरीच्या आकाराचे बारीक करडे किडे टपटप उडाले, पानं हाताला चिकट लागली, त्या चिकट्यावर काळी काजळी चढलेली दिसली, तर ते तुडतुडे. देठाशी नाहीतर फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका असेल तर पिठ्या ढेकूण. कानडीत त्याला 'हिट्टु तिगणे' म्हणतात. हिट्टु म्हणजे पीठ, तिगणे म्हणजे ढेकूण. दोन्ही भाषांना एकच नाव सुचलं. दोघेही रसच शोषतात, पण दोघांवर उपाय एक नाही.

तुडतुड्यांवर सगळ्यात लवकर गुण इमिडाक्लोप्रिड या दुकानातल्या औषधाचा (१७.८ टक्के). मात्रा लिटरला ०.३ मिली. ते झाडात भिनतं, म्हणून रस ओढणारा किडा मरतो. तुडतुडे खरंच जास्त असतील तर मोहोर बोटभर असताना एकच फवारणी घ्या, खोडाच्या सालीवरही मारा, कारण एरवी ते तिथेच दडतात. फूल उमललं की मात्र पंप खाली ठेवा. फळधारणा माश्या-मधमाश्यांवर असते आणि हे औषध त्यांना घातक आहे. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात त्याला बंदी घातली ती मधमाश्यांसाठीच.

निपाणी पट्ट्यात तंबाखूचा चुरा सहज मिळतो, म्हणून काढा करून मारणारे आहेत. घरचं म्हणून निर्धोक, असं मानू नका. किड्याच्या मज्जातंतूत निकोटीन जिथे घाव घालतं तिथेच इमिडाक्लोप्रिडही घालतं, शिवाय निकोटीन माणसाच्या कातडीतूनही अंगात जातं. मी तरी हा काढा कुणाला सुचवणार नाही.

निंबोळी अर्क सावकाश काम करतो. ५ किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर पाणी करायचं, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात त्याचा जोर जातो. मोठे तुडतुडे पटकन मरत नाहीत, पिल्लं मात्र खाणं सोडतात, कात टाकताना अडतात. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा मारायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा. आठ-दहा झाडं असतील तर माझं मत निंबोळीलाच.

व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किड्यांना मारणारी बुरशी, लिटरला ५ ग्रॅम. तिला ओलावा लागतो. खानापूरच्या धुक्यात चालेल, अथणी-गोकाकच्या कोरड्या हवेत पैसे वाया जातील. भुरीच्या (मोहोरावरच्या पांढऱ्या बुरशीरोगाच्या) बुरशीनाशकात ती मिसळू नका.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असतं, त्यामुळे कुठलंही औषध नीट बसत नाही. त्याला इकडून तिकडे नेतात, राखतात त्या मुंग्या. खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा (सालीला थेट नको), पुंजके धरलेले शेंडे छाटून जाळा. क्रिप्टोलेमस नावाचा, पिठ्या ढेकूण खाणारा भुंगेरा मिळाला तर त्याहून चांगला सोबती नाही. त्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांची, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी. पहिल्या वर्षी मी त्या कितीतरी चिरडल्या, अजून हळहळ वाटते. पुंजक्याला काडी लावून बघा: ढेकूण जेमतेम सरकतो, अळी आकाराने मोठी आणि झपाट्याने चालती होते. ती दिसेल त्या फांदीवर काहीच मारू नका.