स्पेक्ट्रम की कमोडोर ६४?

दोन्ही घरगुती कॉम्प्युटर, दोन्ही मशीन १९८२ चीच, पण स्वभाव पार वेगळा. क्लाइव्ह सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडचा, १६ के (किलोबाइट) मेमरीवाला १२५ पौंडांना, रबराच्या बटणांचा आणि एवढासा की दप्तरात सहज मावेल. जॅक ट्रामिएलचा कमोडोर ६४ अमेरिकेत ५९५ डॉलरला आला, ६४ के मेमरी, दणकट कीबोर्ड, आणि आवाजासाठी बॉब यानेसची सिड चिप, जिचा आवाज आजही लोक मुद्दाम ऐकतात. ट्रामिएल नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेला माणूस, कॉम्प्युटर सगळ्यांच्या घरात जायला हवा हे त्याने किंमत पाडत पाडत करून दाखवलं.

ग्राफिक्स, आवाज, सगळ्यात कमोडोर सरस, वादच नाही. स्पेक्ट्रमवर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग, त्यामुळे हिरो झाडाजवळ गेला की झाडाचाच रंग अंगावर घेऊन फिरायचा!

तरी माझं मत स्पेक्ट्रमलाच. पी दाबलं की प्रिंट ही अख्खी आज्ञा उमटायची, गेमची कॅसेट लावली की कर्कश आवाज आणि पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे पळायचे, म्हणजे मशीन आत काय करतंय ते डोळ्यांना दिसायचं, आणि त्यातूनच कितीतरी पोरं घरात बसून गेम लिहायला शिकली. त्यात सिंक्लेअरला उद्याची भारी घाई, १९८५ लाच ३९९ पौंडांची बॅटरीवरची तीनचाकी सी५ काढली, ती आपटली, पण आज रस्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर दिसली की मला तोच आठवतो.