घरी रंगवलेली सेकंड हँड स्कूटर: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या नोव्हेंबरमध्ये मी मानेवाड्याच्या घरी आमच्या २०१४ च्या सेकंड हँड स्कूटरची सगळी पॅनेल काढून स्वतः रंगवली. त्यानंतर नागपूरचा एक अख्खा उन्हाळा आणि बहुतेक पावसाळा त्या रंगाने सोसला आहे. ताजा रंग कोणीही मारलेला असला तरी चांगलाच दिसतो, म्हणून लिहायला मुद्दाम उशीर केला.

पेंटरने साडेसहा हजार सांगितले होते. स्प्रे कॅन, प्रायमर (रंगाआधीचा पकड देणारा थर), लांबी (खड्डे भरायची पुट्टी), पॉलिश पेपर आणि लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून माझे तीन हजार चारशे गेले. पुढे स्वतःचीच चूक निस्तरायला आणखी बाराशे लागले. आरसीवर गाडीचा रंग नोंदवलेला असतो, तेव्हा नसती भानगड नको म्हणून मूळचा राखाडी मेटॅलिकच ठेवला.

खरे काम घासाईचे आहे आणि त्यात माझे तीन रविवार गेले. आमच्या गाडीची बाजूची दोन्ही पॅनेल पत्र्याची आहेत आणि बाकीचे ज्याला आपण फायबर म्हणतो ते प्लास्टिक आहे. दोघांची तऱ्हा वेगळी, हे मला काम करतानाच कळले. पत्र्यावरचा गंज २२० च्या पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून, प्रायमर मारून, पोचे लांबीने भरले आणि मग ४०० व ८०० चे पेपर पाण्यात भिजवून सगळे एकसारखे केले. लांबीची कड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे मिटून तळहात फिरवला की लगेच लागते. रंग चढल्यावर मात्र तीच कड दहा फुटांवरून दिसते. प्लास्टिकवर जुने डाग काढायला मी आधी एनसी थिनर (रंग पातळ करायचे जहाल द्रावण) वापरला, तेव्हा पृष्ठभाग पांढरट आणि चिकट झाला. पुढे साबणाचे पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्यावरच भागवले. आधीच्या मालकाने गाडीला सिलिकॉनचे पॉलिश लावले असेल आणि ते नीट निघाले नसेल, तर नवा रंग जागोजागी फाकतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे बारीक खड्डे पडतात. माझ्या मागच्या मडगार्डवर असे चार अजून आहेत.

पॅनेल काढताना घाई करू नये. सकाळच्या गारव्यात प्लास्टिक कडक असते. अर्धा तास उन्हात ठेवून मग ओढले असते, तर पॅनेल अडकवायचे आतले दोन कान तुटले नसते.

रंग मारण्यापूर्वी अंगणात सडा टाकला की धूळ बसते, आणि आमच्याकडच्या धुळीला दुसरा उपाय नाही. कॅन वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरून, हात सतत चालता ठेवून चार पातळ हात मारले आणि प्रत्येक हातानंतर पंधरा मिनिटे थांबलो. मेटॅलिक रंगाचा शेवटचा हात मारल्यावर त्याला पेपर लावायचा नसतो, कारण चमकीचे कण ओरखडतात आणि तिथला भाग काळपट दिसतो. चूक झालीच तर ते पूर्ण पॅनेल पुन्हा रंगवावे लागते.

आता दहा महिन्यांचा हिशेब. रंग स्वतः उत्तम टिकला आहे. गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात असते, तरी तो उडालेला नाही. प्लास्टिक प्रायमर जिथे मारला होता तिथे एकही पापुद्रा नाही. हँडलखालचा एक लहान तुकडा मात्र मी कंटाळून प्रायमरशिवायच रंगवला होता. तिसऱ्या सर्व्हिसिंगच्या वेळी धुण्याच्या जोरदार पाण्याने त्याचा रंग कांद्याच्या सालीसारखा निघून आला.

सगळ्यात महाग चूक लॅकरची. मी कॅनमधले साधे, हार्डनर (लॅकर कडक करणारे रसायन) नसलेले लॅकर मारले होते. आमच्या गाडीत सीट उचलून पेट्रोल भरावे लागते. जानेवारीत पंपावर नोझल बाहेर काढताना थेंबभर पेट्रोल मागच्या पॅनेलवर ओघळले. मी लगेच पुसायला गेलो, तर लॅकर मऊ पडून त्यात माझ्या बोटाचा ठसा उमटला आणि तसाच वाळला. तो दुरुस्त करायला सवड मिळाली ती थेट नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात. पारा ४५ अंशांवर असताना रंगाचे तुषार पॅनेलपर्यंत पोचण्याआधीच वाळत होते, त्यामुळे पृष्ठभाग पेपरसारखा खरखरीत झाला. संत्र्याच्या सालीसारखा म्हटले तर संत्र्याचा अपमान होईल.

शेवटी ते पॅनेल घासून, रंगवून मी पेंटरकडे नेले आणि फक्त हार्डनरवाले टू-के लॅकर मारून घेतले. "भाऊ, घासाई बराबर आहे, लॅकरमध्ये मार खाल्ला," एवढेच तो म्हणाला. त्या पॅनेलवर त्यानंतर दोनदा पेट्रोल सांडले. पुसले की डागही राहत नाही. तेव्हा माझे मत असे की घासाई, लांबी आणि रंग घरी करावा, पण लॅकर टू-केच असावे आणि ते पेंटरकडून मारून घ्यावे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासातून गेले तर घातक. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, त्यासाठी किमान कार्ट्रिजचा, वाफ गाळणारा मास्क लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता.

आता जुन्या गाड्यांनाही एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागते. ती स्नॅप लॉकने बसवलेली असते आणि लॉक तोडल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे समोरचे पॅनेल यापुढे रंगवायचे झाले तर पाटी टेप आणि कागदाने झाकूनच रंगवावे लागेल.

डाव्या पत्र्याच्या खालच्या कडेला ऑगस्टमध्ये मुगाएवढा फुगवटा आला आहे. बाहेरून सगळे केले, पण आतल्या बाजूने प्रायमर मारायचा राहिला होता आणि चिखल तिथेच साचतो. पाऊस उघडला की ते पॅनेल पुन्हा काढायचे आहे.