तालुक्याचा ताई ची वर्ग: गुडघेवाल्या बायांनी जरूर जावं
निंदण-वेचणीत जन्म गेलेल्या बायांचे गुडघे पन्नाशीतच बोलू लागतात. म्हणून तालुक्याला, मार्केट यार्डामागच्या मंगल कार्यालयात ताई चीचा, म्हणजे सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामाचा वर्ग निघाला तसं मी नाव घातलं. फी महिन्याला ३०० रुपये, शनिवार-रविवार सकाळी तासभर.

शिकवणाऱ्या मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत. सिडनीच्या डॉ. पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये संधिवातवाल्यांसाठी बसवलेला प्रकार त्या शिकवतात. तो ताई चीच्या ‘सन’ नावाच्या शैलीवरचा. उभं राहणं उंच, एक पाऊल पुढे गेलं की दुसरं मागोमाग येतं, गुडघा खोल वाकवावा लागत नाही. वजन आत्ता कोणत्या पायावर, कंबर कधी वळवायची, सगळं कारणासकट सांगतात. पाश्चात्त्य देशांत बरेच वर्ग असेच: हॉल, फी, दुखणं समोर ठेवून समजावणं. आमच्या वयाला ते फार मानवतं. जिना उतरताना मी आता कठडा धरत नाही.

चीनमधली रीत वेगळी. तिथे पहाटे बागेत म्हातारी माणसं जमतात, स्पीकरवर संगीत लागतं, नवं माणूस मागे उभं राहून पुढच्याचं पाहून करतं. रोजच्या करण्यानंच ते अंगात मुरतं. तिथल्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये बसवलेला २४ हालचालींचा संच पाच-सहा मिनिटांत होतो. आम्हाला मात्र आठवड्यातून दोनच दिवस! म्हणून आम्ही गावच्या बाया वावरात जायच्या आधी शाळेच्या पटांगणात जमतो.

हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावात, चेन शैलीच्या माहेरी, ताई ची अजून लढण्याची विद्या आहे. पाय आपटणं, एकदम झटका देणं, आणि तुईशौ: दोघांनी हाताला हात लावून एकमेकांचा तोल काढायचा. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात चेंग मान-चिंग या चिनी गुरूंनीही तुईशौ शिकवलं. आमच्या मॅडम मात्र कोणी पडेल म्हणून ते घेत नाहीत. मला हे पटत नाही. डोक्यावर भारा घेऊन ओल्या धुऱ्यावरून चालणाऱ्या बाईला धक्का बसला तर सावरता आलं पाहिजे, आणि ते एकटीनं हात फिरवून येत नाही. भिंतीजवळ, सावकाश का होईना, मॅडमनी ते सुरू करावं.

वेचणीच्या दिवसांत वर्ग संध्याकाळी असतो, आधी विचारून जा. फरशी गुळगुळीत आहे. चपलेऐवजी बूट न्या, आणि साडीपेक्षा सलवार बरी.